न उडालेल्या रात्रींचा हिशेब

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तो रागाने ठेवलास, हे मला कळलं. आईलाही कळलं. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. ती तशी पाहते तेव्हा काय असतं ते तुला सांगायला नको. तुमच्या हेलिकॉप्टर रुग्णसेवेच्या नव्या बेसवर, म्हणजे तळावर, रात्रपाळीची जबाबदारी तुझ्याकडे आली, ही बातमी तू हौसेने सांगत होतीस आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "रात्रीचं कशाला?" फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. रात्रीच्या उड्डाणांविषयी या पत्रात अवाक्षर काढायचं नाही, असं ठरवलं आहे.

तू पाठवलेला संस्थेचा वार्षिक अहवाल वाचला, ताळेबंदासकट. जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला, फोटोंच्या आधी आकडेच दिसतात. आधी भाड्याने घेतलेलं एक हेलिकॉप्टर, तेही फक्त दिवसा. मग स्वतःचं, मग दुसरा बेस, मग चोवीस तास सेवा, आणि आता तुझा हा तिसरा बेस. पेशंटच्या घरी बिल म्हणून जात नाही. हे सगळं लोकांच्या देणग्यांवर उभं राहिलंय, हे वाचताना फार बरं वाटलं.

सगळ्यात जास्त वेळ मी खर्चाचा तक्ता पाहत बसलो. इंधनाचा वाटा मला वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. पैसा जातो तो तयार राहण्यात. वैमानिकांचे पगार, देखभाल, विमा, हँगर, तुमचं प्रशिक्षण. हेलिकॉप्टर उडो न उडो, हा खर्च रोजचा. आता जी कंपनी पेशंट नेल्याचं बिल लावते तिचा विचार कर. खर्च उभं राहण्याचा आणि कमाई मात्र उडण्याची. तिथे "आज हवा बरी नाही, जात नाही" म्हणणाऱ्याला कुणी काही बोललं नाही, तरी महिनाअखेरीचा आकडा बोलतोच. तुमच्यावर ते ओझं नाही. धर्मादाय असण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला विचारशील तर हाच आहे, पेशंटला फुकट नेण्याच्याही आधीचा. तुम्हाला नाही म्हणणं परवडतं.

पण संस्था वाढत गेली तरी ते परवडत राहील ना? अहवालाच्या पहिल्याच पानावर वर्षभरातल्या उड्डाणांचा आकडा ठळक टाइपात आहे. देणगीदार तोच पाहणार, त्यात त्यांची चूक नाही. हवामानामुळे किती वेळा जायचं नाकारलं, ती ओळ मात्र मला कुठेच सापडली नाही. दोनदा शोधली. नवा बेस उघडला की पहिल्या वर्षी त्याने काय केलं हे दाखवावं लागतं, सगळ्याच संस्थांचं तसं असतं. आणि ते दाखवायच्या वेळी तिथे रात्री तू असणार.

बघ, लिहायचं नाही म्हणून ठरवलेलं लिहून बसलो.

मुलाखतीला जाण्याआधी तू मला ऑस्ट्रेलियाच्या जॉन फ्लिन या धर्मोपदेशकांची गोष्ट सांगितली होतीस. १७ मे १९२८ ला क्लॉनकरी गावाहून क्वांटास या विमान कंपनीचं भाड्याचं विमान डॉक्टरला घेऊन निघालं आणि तिथून दूरच्या पेशंटकडे विमानाने डॉक्टर नेणारी फ्लाइंग डॉक्टर सेवा सुरू झाली. तू सांगितलंस त्यातलं माझ्या मनात राहिलं ते दुसरंच. ही कल्पना फ्लिन यांना पत्राने कळवली ती क्लिफर्ड पील नावाच्या मुलाने. वैद्यकीचा विद्यार्थी, पहिल्या महायुद्धात वैमानिक व्हायला निघालेला. १९१७ च्या नोव्हेंबरात त्याने पत्र लिहिलं, विमान किती लांब जाईल, खर्च किती येईल, सगळा हिशेब मांडून. १९१८ च्या सप्टेंबरात तो फ्रान्सच्या आकाशातून परत आलाच नाही. चोवीस वर्षांचा होता. पुढे त्या पत्राचं काय झालं ते त्याला कळलंही नाही. तू ही गोष्ट डोळ्यांत चमक घेऊन सांगत होतीस, आणि मी त्याच्या आईवडिलांचा विचार करत होतो.

स्वित्झर्लंडच्या रेगा या हवाई बचावसंस्थेविषयी मी आपण होऊन वाचलं. १९५२ ची संस्था, साठच्या दशकात पैशांअभावी बंद पडायच्या बेताला आली. १९६६ मध्ये त्यांनी थेट लोकांनाच आवाहन केलं आणि घरटी वर्गणी सुरू झाली. आज पस्तीस लाखांहून जास्त लोक तिचे वर्गणीदार आहेत. छोट्या देशात एवढी माणसं, आणि त्यातल्या बहुतेकांना कधी हेलिकॉप्टर लागणारही नाही. दुसऱ्या कुणाला लागेल म्हणून देतात. अंधारातही पाहू देणारे ते चष्मे नागरी बचावकार्यात सगळ्यात आधी वापरले तेही त्यांनीच, १९८७ मध्ये. तू तुमच्या चष्म्यातून काढलेला व्हिडिओ पाठवला होतास ना? सगळं हिरवं, झाडं सुटी सुटी ओळखू येत होती. आईला दाखवला. ती म्हणाली, "चांगलं दिसतंय की." मी काही बोललो नाही. चष्म्याला अंधार भेदता येतो, ढग नाही भेदता येत. रात्री नकळत ढगात शिरलं की वैमानिकाला वर-खाली कळेनासं होतं, कानाच्या आतला तोल त्याला खोटंच सांगतो, आणि विमान कलतंय हे अंगाला जाणवत नाही. अमेरिकेत २००८ हे हेलिकॉप्टर रुग्णसेवेचं सगळ्यात प्राणघातक वर्ष ठरलं. पुढच्या फेब्रुवारीत या अपघातांवर सुनावणी झाली आणि कडक नियम यायला २०१४ उजाडलं. तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माहीत असलेलंच मी पुन्हा सांगतोय, तरी सांगतोय.

असंही घडतं: एक रुग्णालय एका सेवेला फोन करतं, ती हवामान पाहून नाही म्हणते. मग दुसरीला, मग तिसरीला, कुणीतरी हो म्हणेपर्यंत. आधी दोघांनी नकार दिलाय हे तिसऱ्याला कुणी सांगतच नाही. तुमच्या नियंत्रण कक्षात हे विचारायची पद्धत आहे का? नसेल तर पाडून घे. नव्या बेसवर पहिल्या महिन्यात ज्या सवयी लागतात त्याच पुढे टिकतात. सगळ्यांना थकवा आला असेल त्या रात्री, पाळी संपत आली असताना, समोरचा डॉक्टर गयावया करत असताना, तू आवाज न चढवता, कारण न शोधता...

हा उपदेश झाला. थांबतो. तू आयसीयूत इतकी वर्षं काढलीस, तुला उभं राहायला मी शिकवावं असं काही नाही.

तूच मला सांगितलंस की उड्डाणाला जायला तिघांचं "हो" लागतं आणि थांबायला एकाचं "नाही" पुरतं, आणि त्या एकाला कुणी का म्हणून विचारत नाही. पेशंट लहान मूल आहे की म्हातारा, हे वैमानिकाने हवामान तपासून होकार देईपर्यंत त्याला कळूही देत नाहीत. हे ऐकून त्या रात्री मला झोप लागली होती. हा नियम ज्याने केला त्याला माणसाचं मन नीट कळलं होतं.

मला काय अवघड जातंय ते तुला लिहितो. मामाच्या वेळी कुणी येऊ शकलं नाही. तू तेव्हा लहान होतीस, दारात बसून होतीस, आणि गाडीचा आवाज आला की उठून उभी राहायचीस. त्या रात्री कुणी मला सांगितलं असतं की हेलिकॉप्टर आहे पण हवा बरी नाही म्हणून येत नाही, तर मी त्या माणसाला काय काय बोललो असतो ते मला ठाऊक आहे. आणि आज मीच तुला सांगतोय की नाही म्हण. कुणाच्या तरी दारात तेव्हा एक पोर उभं असेल, हे कळूनही सांगतोय. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

तुझा अभिमान वाटतो हे मी फोनवर कधी म्हणत नाही. आत्याला विचार, मी किती जणांना धरून धरून सांगतो. हेलिकॉप्टरच्या आवाजात स्टेथोस्कोपचा काही उपयोग नसतो, छाती वर-खाली होताना पाहून, हात ठेवून आणि मॉनिटरवर नजर ठेवून काम चालतं. वर गेल्यावर हवा प्रसरण पावते म्हणून फुप्फुसाभोवती अडकलेली थोडीशी हवासुद्धा जिवावर बेतू शकते. हे मी आता शेजारच्यांनाही समजावून सांगतो. तू रक्ताच्या पेटीचं तापमान पाळीच्या सुरुवातीला स्वतः तपासून वहीत नोंदवतेस, दुसऱ्याने नोंदवलेलं असलं तरी, हे तू सहज बोलून गेलीस. मला ते फार आवडलं. लंडनच्या हवाई रुग्णसेवेने १९९३ मध्ये रस्त्यातच एकाची छाती उघडून त्याला वाचवलं, आणि २०१२ पासून ते रक्त बरोबर नेऊ लागले. रुग्णालय पेशंटकडे जाऊ लागलं ते अशा माणसांमुळे, आणि त्यांच्यात आता तू आहेस.

पुढच्या अहवालात नाकारलेल्या उड्डाणांची ओळ छापायला तुमच्या विश्वस्तांना सांगता येईल का बघ. देणगीदार समजूतदार असतात. कोणत्या रात्री आपला पैसा तुमच्यासारख्या माणसांना जमिनीवर ठेवायला कामी आला, हे त्यांना कळलं तर ते हात आखडता घेणार नाहीत. मी तरी घेणार नाही.

पेन्शनमधून दरमहा थोडी रक्कम संस्थेला जाईल अशी सोय या आठवड्यात केली. अर्जात "देणगीचा उद्देश" असा रकाना होता, तिथे "हेलिकॉप्टर तयार ठेवण्याचा खर्च" असं लिहिलं. पावती तुझ्या नावाने घ्यायची की माझ्या, ते ठरत नाही. आई म्हणते तुझ्या नावाने नको, तिथे तुला अवघडल्यासारखं होईल. काय ते कळव. आणि पाळ्यांचं वेळापत्रक पाठव.

तुझे,
बाबा