थांब्यावर उभी असलेली बालो

मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’ (१९६९) या चित्रपटाला केवळ संथ म्हणून बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते. मोहन राकेश यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात पंजाबातल्या खेड्यातली बालो बसचालक नवऱ्याची शिदोरी घेऊन थांब्यावर उभी राहते आणि एके दिवशी तिला उशीर होताच तो रागाने बस पुढे नेतो. कथानक म्हणावे तर एवढेच. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकलेल्या कौल यांनी पंचविशीच्या आसपास, फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेच्या अर्थसाहाय्यावर हा चित्रपट केला, हे धाडस आजही थक्क करते. के. के. महाजन यांनी मुख्यतः २८ मिलिमीटरचे (रुंद दृश्य टिपणारे) आणि १३५ मिलिमीटरचे (दूरचे जवळ आणणारे) अशा दोनच भिंगांवर तो चित्रित केला. प्रत्यक्ष वाट पाहणे आणि मनातले भास यांसाठी आरंभी वेगळी राखलेली ही भिंगे पुढे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे बस खरोखर आली की बालोला तिचा नुसता भास झाला, हे प्रेक्षकालाही उमगत नाही. (पहिल्यांदा पाहताना मीही वैतागलो होतो, हे कबूल करतो.) तिची आस अश्रूंनी वा पार्श्वसंगीताने सांगितलेली नाही, ती तिच्या हातांत आणि रिकाम्या रस्त्यात आहे.

– एक वाचक, पुणे