बाबांच्या उरलेल्या सात गोळ्या

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

दसऱ्याला कोल्हापूरला आले होते, तेव्हा देवघराशेजारच्या कपाटात बाबांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या, इमॅटिनिबच्या गोळ्यांचे पाकीट हाती लागले. महिना संपला होता आणि सात गोळ्या तशाच होत्या. घर पाहुण्यांनी भरलेले होते म्हणून तेव्हा गप्प राहिले, पण त्या दिवसापासून मनाला स्वस्थता नाही.

बाबा, पांढऱ्या पेशी आटोक्यात आल्या, रंकाळ्याची फेरी पुन्हा सुरू झाली, तेव्हा एखादी गोळी चुकली तर काय बिघडले, असे तुम्हाला वाटणे मी समजू शकते. परंतु तुमच्या या आजारात, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एक सदोष जनुक तयार झाले आहे, आणि त्यापासून बनणारे प्रथिन रक्तपेशींना सतत वाढत राहायला लावते. इमॅटिनिब त्या प्रथिनाच्याच खाचेत बसून त्याचे काम बंद पाडते. या आजाराच्या मूळ पेशी मात्र अस्थिमज्जेत दबा धरून असतात. औषधात वारंवार खंड पडला की त्या पुन्हा डोके वर काढतात, आणि पुढे याच गोळीला दाद देईनाशा होण्याचीही भीती असते. साध्या रक्ततपासणीत हे लवकर कळत नाही, म्हणून तर डॉक्टर त्या सदोष जनुकाचे रक्तातले प्रमाण मोजणारी पीसीआर तपासणी करायला सांगतात.

२००१ साली हे औषध अमेरिकेत मंजूर झाले, त्याआधी अशा रुग्णांपुढे इंटरफेरॉनची इंजेक्शने किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण असे अवघड मार्ग होते. पुढे एका मोठ्या चाचणीत इमॅटिनिबपासून उपचार सुरू केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात असल्याचे दिसले. बाबा, मला तुमची ती दहा वर्षे हवी आहेत, आणि त्यापुढचीही.

सकाळी डोळ्यांभोवती येणारी सूज आणि रात्री पोटऱ्यांत येणारे गोळे यांचा त्रास तुम्ही कुणाला सांगत नाही, हे आईकडून कळले. तो डॉक्टरांना जरूर सांगा. मात्रा कमी करायची की औषध बदलायचे, ते ठरवतील. आपण होऊन गोळी सोडू नका. कुणी दिलेला काढाही त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आई, रात्रीच्या जेवणासोबतच पेलाभर पाण्याबरोबर गोळी दे, म्हणजे मळमळ कमी होईल. दुधाचा हिशेब तू ज्या कॅलेंडरवर मांडतेस, त्याच चौकोनात गोळीचीही खूण करत जा. पुढच्या पीसीआरच्या वेळी मी आदल्या रात्रीच येईन, आणि ते कॅलेंडर आपण डॉक्टरांकडे सोबत नेऊ.

तुमची,
मंजिरी