चि. मुक्तास, बोस्टनला निघण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पलीकडच्या खोलीत बॅग भरत बसलेल्या मुलीला पत्र कसलं लिहायचं, म्हणून आई हसतेय. पण समोरासमोर बोलायला गेलो की आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. परवा जेवताना मी "फेज वन म्हणजे नेमकं काय गं?" एवढंच विचारलं, तर तू उठूनच गेलीस. बरोबर केलंस. उभा जन्म औषधाच्या खिडकीमागे काढलेल्या माणसाला फेज वन म्हणजे नव्या औषधाच्या चाचणीचा पहिला टप्पा, एवढं माहीत असतं. मला विचारायचं होतं ते वेगळंच होतं आणि ते तू ओळखलंस.

तर आधी चांगलं बोलतो. तुझी निवड झाल्याचं माईआत्याला फोनवर सांगत होतो तेव्हा माझा आवाज खालपर्यंत ऐकू गेला म्हणे. बोस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटल! 1869 साली 20 खाटांवर सुरू झालेलं. तिथे तू मुलांच्या कॅन्सरवर, नव्या औषधांच्या चाचण्यांवर काम करणार. दादा म्हणतो, बाबा आता लिफ्टमनलाही सांगतील. सांगितलंय.

तुझं पत्र आल्यापासून मी त्या रुग्णालयाचा इतिहास वाचतोय. तो तुझ्यापेक्षा मला जास्त लागू आहे असं वाटायला लागलंय, आणि त्याला कारण पिवळ्या गोळ्या. माझ्या भावाच्या, शरदच्या.

तुम्हाला डॉक्टर लोकांना सिडनी फार्बर तोंडपाठ असतो. मी मात्र कॉलेजात त्याच्याबद्दल एकच ओळ वाचली होती. मूळचा हा त्याच रुग्णालयातला विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे मुलं गेल्यावर त्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा. ल्यूकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेलं मूल तेव्हा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जायचं आणि फार्बरच्या टेबलावर यायचं. पंडुरोगात फॉलिक ॲसिडने रक्त सुधारतं हे तोवर कळलं होतं. त्यावरून त्याने ल्यूकेमियाच्या मुलांना फॉलिक ॲसिडची संयुगं टोचली. उलटंच झालं. रोग भडकल्यासारखा दिसला. त्यातून त्याने ताडलं की या पेशींना फॉलिक ॲसिड हवंहवंसं आहे, तर मग ते तोडून बघू. फॉलिक ॲसिडसारखं दिसणारं पण त्याचं काम अडवणारं द्रव्य त्याला लेडर्ली कंपनीकडून मिळालं. तिथे संशोधन विभागाचा प्रमुख होता आपला येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्या माणसाचे दोन भाऊ स्प्रू या आतड्यांच्या रोगाने, ज्यावर पुढे फॉलिक ॲसिडच उपयोगी पडलं, काही दिवसांच्या अंतराने गेले होते. 1947 च्या डिसेंबरच्या अखेरीस त्या द्रव्याची, ॲमिनॉप्टेरिनची, पहिली सुई टोचली गेली आणि 1948 च्या जूनमध्ये निबंध छापून आला: 16 मुलं, त्यातली 10 सुधारली. सुधारणा तात्पुरती होती हे फार्बरने स्वतःच लिहून ठेवलंय. सुब्बाराव त्यानंतर दोन महिन्यांत वारला, जेमतेम 53 व्या वर्षी.

इथपर्यंत ही गोष्ट सगळे सांगतात आणि सगळ्यांचे डोळे त्या 10 मुलांवर असतात. मी अडकतो उरलेल्या सहांपाशी. त्यांच्याही आधी ज्यांना फॉलिक ॲसिड टोचलं आणि ज्यांचा रोग भडकला, त्यांच्यापाशी. त्या मुलांच्या आयांना काय सांगितलं असेल? काही सांगितलं असेल का?

हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. असो.

रॉबर्ट ग्रॉसचं वाचलंस का? तुझ्या विषयाचा नाही, सर्जन. जन्मल्यावर बंद व्हायला हवी ती हृदयाजवळची एक रक्तवाहिनी काही मुलांत उघडीच राहते. ग्रॉसने 1938 च्या ऑगस्टमध्ये सात वर्षांच्या मुलीची ती वाहिनी बांधली. त्याचे वरिष्ठ विल्यम लॅड तेव्हा सुट्टीवर होते. पस्तिशीही न गाठलेला निवासी डॉक्टर, साहेब गावाला गेल्याचं बघून मुलीची छाती उघडतो! ती मुलगी पार म्हातारी होईपर्यंत जगली म्हणून आज आपण कौतुक करतो. टेबलावर गेली असती तर? तू असलं काही करू नकोस. वरिष्ठांना विचारल्याशिवाय डोसमध्ये एका मिलिग्रॅमचाही फरक... बघ, झालं सुरू माझं. पस्तिशीच्या डॉक्टरीणबाईंना डोस शिकवतोय. सोडून दे. पण ग्रॉसची एक गोष्ट मला फार आवडली. त्याला एका डोळ्याने नीट दिसायचं नाही, म्हणून वडील त्याला उघडून जोडायला घड्याळं आणून द्यायचे, आधी मोठी, मग लहान लहान, असं सांगतात. खोली कळावी, हात बसावा म्हणून. तू लहान असताना माझ्या तराजूची वजनं पळवायचीस, ती मी ओरडून काढून घ्यायचो. आईने तेव्हाच सांगितलं होतं, राहू देत तिच्याकडे.

लोखंडी फुफ्फुसही, म्हणजे रोग्याचा श्वास चालवणारी पेटी, पहिल्यांदा तिथेच वापरलं. 1928. पोलिओने श्वास थांबत आलेली आठ वर्षांची मुलगी. ड्रिंकर आणि शॉ यांच्या पेटीला हवा ओढायला व्हॅक्यूम क्लीनरचे पंप लावले होते. तिला आत ठेवलं आणि काही क्षणांत ती शुद्धीवर आली. पुस्तकं इथेच थांबतात. काही दिवसांनी ती मुलगी गेली. पेटीने पुढे हजारोंना जगवलं हे खरं, पण मी पुन्हा तिच्याचपाशी. बापाचं डोकं असं का चालतं कुणास ठाऊक. सगळ्या शोधांच्या यादीत मी गेलेली मुलं मोजत बसतो.

नाही म्हणायला तिथल्याच विषाणुतज्ज्ञ एन्डर्सचं वाचून मोकळं हसलो. कांजिण्यांच्या विषाणूसाठी पेशींच्या नळ्या लावल्या होत्या, त्यातल्या काही उरल्या, आणि शीतकपाटात पोलिओचा विषाणू होताच. घातला उरलेल्या नळ्यांत. वाढला! तोवर तो प्रयोगशाळेत मज्जासंस्थेच्या पेशींखेरीज वाढत नाही अशी समजूत होती. एन्डर्स, वेलर आणि रॉबिन्स यांना 1954 चं नोबेल त्यावर मिळालं आणि पोलिओच्या लशीची वाट मोकळी झाली. नळ्या धुऊन टाकायची घाई कुणी केली नाही हे किती बरं.

तू म्हणशील, बाबा, मग तुमचं म्हणणं काय, मुलांवर चाचण्या करूच नयेत? अजिबात नाही. उलट या बाबतीत मी तुझ्याच बाजूचा, हे तुला परवा सांगायचं राहिलं. चाचणी न करता औषध दिल्यावर काय होतं ते मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 1937 साली अमेरिकेत एका कंपनीने सल्फाचं गोड पातळ औषध काढलं आणि ते विरघळवायला डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य वापरलं. शंभरावर माणसं मेली, त्यात कितीतरी मुलं. क्लोरॅम्फेनिकॉल हे जंतूंवरचं औषध मोठ्यांच्या हिशोबाने वजनावर भाग करून नवजात बाळांना दिलं. त्यांच्या यकृताला ते निकामी करता येईना, बाळं राखाडी पडून दगावली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भरपूर प्राणवायू देणं इतकं उघड शहाणपणाचं वाटायचं की कुणी तपासलंच नाही. सुमारे 10 हजार बाळं आंधळी झाली, तेव्हा कुठे 1950 च्या दशकात नीट चाचणी झाली. आणि आमची खिडकी? मोठ्यांची गोळी खलात कुटायची, त्यात लॅक्टोज मिसळायचं, भाग पाडायचे, पुड्या बांधायच्या, वर लिहायचं "सकाळ-संध्याकाळ". तो भाग बरोबर आहे हे कोणत्या मुलावर कुणी तपासलं होतं? आम्हीही रोज चाचणीच करत होतो. फक्त नोंद ठेवत नव्हतो.

म्हणजे चाचणी हवीच. मला टोचतो तो तुझ्या फेज वनचा आराखडा. मोठ्यांना सोसलेल्या सर्वांत वरच्या मात्रेच्या साधारण 80 टक्क्यांपासून सुरुवात करायची. तीन मुलं. ती निभावली की पुढच्या तिघांना थोडी वरची. असं चढत जायचं आणि जिथे सोसवेनासं होईल तिथे थांबायचं. हिशोब म्हणून निर्दोष आहे. पण थांबायचं कुठे, हे कुठल्या तरी मुलाच्या अंगावरच कळणार ना गं? ते मूल तुझ्या वॉर्डात असेल. सलाईन तू लावायला सांगितलेलं असेल.

आता शरदचं. तुला फोटोपुरताच माहीत आहे तो. त्याला ल्यूकेमियावरच्या त्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मी इतका लहान होतो की रंगच लक्षात राहिला. तो उठून बसला, पतंग उडवायला गच्चीवर आला, काही महिने घर पुन्हा घरासारखं झालं. मग परत ताप, परत हिरड्यांतून रक्त. औषधशास्त्राच्या वर्गात मेथोट्रेक्सेटची, ॲमिनॉप्टेरिनच्या धाकट्या भावाची, बाटली पहिल्यांदा हातात आली, आत पिवळ्या गोळ्या होत्या, आणि माझ्या तेव्हा लक्षात आलं की त्याला मिळालेले ते महिने फार्बरच्या तळघरातून आले होते. आजीला हे कधीच पटवता आलं नाही. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. डॉक्टर भले होते, पण बायकांशी काय बोलायचं, असा तो काळ. शेवटपर्यंत ती म्हणायची, "माझ्या पोरावर करून बघितलं त्यांनी." शरद गेल्याचं दुःख तिला होतंच, पण त्याच्या आजाराचा विषय निघाला की आधी हे वाक्य यायचं. मी पुढे औषधं शिकलो, तिला समजावून सांगायला गेलो, तर म्हणाली, तू त्यांच्यातलाच.

म्हणून विचारतो. त्या आईबापांना तू काय सांगणार आहेस? पहिल्या टप्प्याची चाचणी मुख्यतः मात्रा ठरवायला असते, तुमचं मूल बरं होईल म्हणून नव्हे, हे त्यांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या तोंडाकडे बघून सांगशील? की पंधरा पानांच्या कागदावर सही? तुम्हाला आता कडक नियम आहेत, समित्या आहेत, साधारण सात वर्षांपुढच्या मुलाचीही संमती विचारतात, हे सगळं वाचलं मी. तरीही. बोस्टनजवळच फर्नाल्ड नावाची निवासी शाळा होती, मंदबुद्धी म्हणून ठेवलेल्या मुलांची. एन्डर्सच्या प्रयोगशाळेतली गोवराची लस 1958 मध्ये प्रथम तिथल्याच मुलांना दिली, पालकांची परवानगी घेऊन. आणि त्याच शाळेत त्याआधी एमआयटीच्या लोकांनी मुलांना किरणोत्सर्गी द्रव्य घातलेली ओटची लापशी खाऊ घातली होती. पालकांना पत्र तिथेही गेलं होतं. त्यात जास्तीच्या दुधाचं, बेसबॉलच्या सामन्याचं लिहिलं होतं. किरणोत्सर्गाचा शब्द नव्हता. मात्रा अगदी थोडी होती म्हणतात. असेल. म्हणजे कागद असणं आणि सांगणं, यात अंतर पडू शकतं, आणि ते अंतर भरायचं काम कुठल्याही नियमाचं नाही, तुझं आहे.

फार बोललो. भाषण झालं. तुझ्या वॉर्डातलं मला काय कळणार; मी खिडकीच्या या बाजूचा, रोगी दोन मिनिटं दिसायचा आणि जायचा. तुला आठ आठ महिने ती मुलं रोज दिसणार, त्यांच्या आया तुझा हात धरणार. माझा जीव खरा तिथे आहे. तू लहानपणी मेलेली चिमणी पुरून आल्यावर जेवायची नाहीस. आता म्हणतेस की सवय होते. सवय झाली नाही तर तुझं कसं होणार याची मला धास्ती, आणि झाली तर त्याची त्याहून जास्त. यातलं नेमकं काय व्हावं असं मला वाटतं ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही.

पण एक हिशोब मी मुद्दाम शेजारी मांडून ठेवलाय. जिथे सगळं नीट मिळतं तिथे आज शरदच्या रोगाची दहातली नऊ मुलं वाचतात. नवीन गोळ्या फार थोड्या. बरंचसं जुन्याच औषधांची मात्रा, क्रम आणि जोड्या चाचणीमागून चाचणी करून बसवल्यामुळे. त्यात मेथोट्रेक्सेट अजून आहे. तू त्या रांगेत उभी राहायला चालली आहेस. आजी असती तर तिला हे मी कसं सांगितलं असतं याची जुळवाजुळव रात्री मनात करतो. जमत नाही, पण तुझं नाव घेतलं की थोडं जमतं.

विमानतळावर मी यातलं काही बोलणार नाही. आईला वचन दिलंय. पोचल्यावर आधी तिला फोन कर, माझ्याशी नंतर बोललीस तरी चालेल.

तुझा,
बाबा

ता. क. तुमच्या त्या समितीत वैद्यकाबाहेरचं कुणी साधं माणूस बसतं ना? आणि मात्रा वर चढवायची का, हे ठरताना रात्रपाळीच्या नर्सला विचारतात का? खाणं कुणी थांबवलं, कोण रात्रभर जागं राहिलं, हे तिला आधी कळतं. विचारून कळव. आणि परवाच्या प्रश्नाचं उत्तरही, सवडीने.