वंशावळीतली सतरावी जागा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी वंशावळ कशी तयार करावी यावर लेख आला, तो वाचून फार बरं वाटलं. पण ‘इंटरनेटवर आपल्या घराण्याची वंशावळ आयती सापडली तर उतरवून घ्या, एका संध्याकाळीत काम होतं’ हा त्यातला सल्ला वाचल्यावर राहवेना. मी नेमकं हेच केलं होतं. ते निस्तरायला सव्वा वर्ष गेलं.

मी ३१ वर्षं हिशेब तपासण्याचं काम केलं. निवृत्त झाल्यावर हा छंद लागला. मिखाएल आयत्झिंगर यांनी १५९० मध्ये छापलेली क्रमांकांची पद्धत मी वापरते. आपण १, वडील २, आई ३. कुणाचाही क्रमांक दुप्पट केला की त्यांच्या वडिलांचा क्रमांक मिळतो, त्यात एक मिळवला की आईचा. सहा पिढ्यांच्या ६३ जागा होतात, आणि आपली पहिली सोडली तर प्रत्येक विषम जागा एका बाईची. माझ्या वहीत २२ जागा रिकाम्या होत्या, त्यातल्या १९ विषम. घरातल्या बायकांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत हे असं आकड्यांत समोर आलं, तेव्हा मी कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत बसले होते.

म्हणून तर १७ क्रमांकाचं, म्हणजे पणजोबांच्या आईचं नाव इंटरनेटवर कुणाच्या तरी वंशावळीत दिसलं, तेव्हा मी हरखून ते तसंच उतरवलं आणि माझी वंशावळही सगळ्यांसाठी खुली केली. नोकरीत पावतीशिवाय एकही रक्कम मी कधी मान्य केली नाही. इथे मात्र आधार विचारलाच नाही.

पुढे आजोबांची जुनी वही हाती आली. तीत पणजोबांचा जन्म १८६८चा आणि या बाईंचा १८५७चा. मायलेकांत ११ वर्षांचं अंतर! आजोबांचा ५ घाईत ४सारखा पडतो, म्हणून आधी वाटलं १८४७ असेल. भिंग घेऊन वहीतले सगळे ४ आणि ५ एकेक करून ताडून पाहिले. ५च होता. शेवटी माझ्या चुलत आत्यांना फोन केला. त्या ९१ वर्षांच्या आहेत. म्हणाल्या, “अगं, ती सावत्र. पहिली बाळंतपणात गेली. तिचं नाव आमच्या कानावर कधी आलंच नाही.”

तोवर माझ्याकडून ते नाव आणखी १४ वंशावळींत गेलं होतं. मी सगळ्यांना लिहिलं. पाच जणांनी दुरुस्ती केली. एकाने उलट विचारलं, जागा रिकामी राहण्यापेक्षा नाव असलेलं काय वाईट? ते मनाला फार लागलं. त्या जागेवर दुसरीचं नाव आहे तोवर जी बाळंतपणात गेली तिला कोण शोधणार?

डीएनए चाचणी करा, असंही काहींनी सुचवलं. पण आईकडून येणारा मायटोकाँड्रियल डीएनए पुढे फक्त मुलीच देतात. पणजोबांपाशी तो धागा तुटला, माझ्यात तो नाही. पणजोबांना थोरली सख्खी बहीण होती, एवढं वहीत आहे. तिच्या लेकी, त्यांच्या लेकी, अशा वाटेने तो आजही कुणात तरी असू शकेल. चाचणीतून नाव कळणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या घरात एखाद्या म्हातारीला ते आठवत असेल, या आशेवर मी त्या लेकींचा माग काढते आहे.

आपल्याला विनंती एवढीच, की या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा प्रत्येक नावापुढे आधार लिहायला वाचकांना जरूर सांगा. माहिती कुठे वाचली, कुणी सांगितली, कोणत्या तारखेला, सगळं. वंशावळीच्या फाइलींसाठी जेडकॉम नावाची जी पद्धत १९८४ मध्ये आली, तिच्यात आधार नोंदवायची सोय आहे. ती बहुतेक जण रिकामी सोडतात. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच फोन करा, हेही छापा. मी आत्यांना वर्षभर आधी विचारलं असतं तर त्या १४ ठिकाणी चूक गेलीच नसती.

माझ्या वहीत १७ समोर आता असं लिहिलं आहे: ‘पहिली पत्नी. नाव माहीत नाही. बाळंतपणात मृत्यू. आधार: चुलत आत्या, फोनवर.’

आपली,
एक नियमित वाचक