जिने, लिफ्ट आणि तुझ्या क्रेन्स

बाळा,

तू शूट केलेली बंदराची फिल्म बघितली, आणि तू लिंक पाठवलीस म्हणून काल रात्री ती चिलीतल्या वालपराइसो बंदरावरची फिल्मही बघितली, डच माहितीपटकार योरिस इव्हेन्सची, 1963 ची. खरं सांगते, मला वाटलं होतं आता अर्धा तास नुसती जहाजं नि लाटा बघायच्या, म्हणून कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या होत्या, त्या सकाळपर्यंत तशाच पडून.

अरे त्या फिल्ममध्ये समुद्र आहे पण खरं सगळं जिन्यांचंच आहे! खाली बंदराची चिंचोळी पट्टी, वर 42 टेकड्या, माणसं राहणार वर नि कामाला येणार खाली, म्हणजे आयुष्यभर चढ-उतार. आणि त्या तिरक्या लिफ्ट, केबलने डबा वर ओढतात त्या, मी शोधून बघितलं तर पहिली 1883 ची निघाली. चार मजले पिशव्या घेऊन चढणारीला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही, माझे गुडघे बघताबघताच दुखायला लागले.

क्रिस मार्करने लिहिलेलं निवेदन मला मात्र जरा जास्तच हुशार वाटलं, मधे मधे गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण तो आरसा फुटतो, रक्त दिसतं आणि काळापांढरा सिनेमा एकदम रंगीत होतो तिथे मी दचकलेच. तोवर त्या शहराचा जुना तोरा नि आताची गरिबी दोन्ही एकाच फ्रेममध्ये दिसायला लागलेली असतात. 1914 मध्ये पनामा कालवा सुरू झाला नि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून या बंदरात येणारी जहाजं कमी झाली, हे माहीत असलं की त्या जुन्या दिमाखाकडे बघताना अजून कसंतरी होतं.

मग इव्हेन्सचीच 1929 ची पावसाची फिल्मही बघितली, अ‍ॅमस्टरडॅमची. एक सर येते नि जाते, बास. पण ती एक सर म्हणजे कित्येक महिने वेगवेगळ्या पावसात कॅमेरा घेऊन फिरून जोडलेली आहे म्हणे. आणि तू दोन दिवसात बंदर शूट करून आलास!

रागावू नकोस. तुझ्या क्रेन्स सुंदर आहेत, सूर्यास्त पण छान, ड्रोन कुणाचा आणलास ते विचारत नाही. पण मधे तो खांद्यावर दोरखंड घेतलेला म्हातारा येतो ना, भिंतीला हात लावत लावत चालतो तो, त्याला तू पाच सेकंदात कापलंस आणि परत क्रेन. मी तीनदा मागे नेऊन बघितला.

तो कुठे चालला होता रे? गेलास का मागे त्याच्या?

आई