एका गोलाने

एडमंटन,
३० जून २०२४

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल दुपारी तुझा फोन आला तेव्हा तुझ्याकडे मध्यरात्र होत आली होती. बार्बाडोसला भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवले होते, सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला होता, आणि तुझ्या मागे फटाक्यांचा आवाज इतका होता की तुझे निम्मे बोलणे मला ऐकूच आले नाही. मलाही आनंद झाला होता, मनापासून झाला होता. पण फोन ठेवताना तू विचारलेस, ‘तुझा आवाज असा बसलेला का?’ आणि मी सर्दी झाल्याचे सांगितले. सर्दी झालेली नव्हती. आपल्या दोघांत असे कधी चालत नाही, म्हणून आज सकाळपासून हे पत्र लिहायला बसलो आहे.

गेल्या सोमवारी, २४ जूनला, आमचा आइस हॉकीचा संघ एडमंटन ऑइलर्स हा स्टॅन्ले चषकाच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम मालिकेतला सातवा सामना फ्लोरिडाकडून २-१ असा हरले. एका गोलाने. हॉकी म्हटले की तुझ्या डोळ्यांसमोर ध्यानचंद आणि हिरवे मैदान येते, हे मी जाणतो. दहा वर्षांपूर्वी माझ्याही डोळ्यांसमोर तेच येत असे. बर्फावरच्या या खेळाचे मी तुला कधी नीट सांगितले नाही, कारण सांगण्यासारखा हंगाम कधी आलाच नव्हता. आता आला आणि संपलाही.

मी या शहरात आलो तो डिसेंबर महिना होता. सव्वाचारला सूर्य मावळायचा. कामावरून परतताना रस्त्यावर माणूस दिसत नसे, आणि दिसलाच तरी तो टोपी, मफलर आणि कोट यांत इतका दडलेला असे की त्याच्याशी बोलावे तरी कसे, असा प्रश्न पडे. पण रोज सकाळी कामावर प्रत्येक जण दुसऱ्याला एकच प्रश्न विचारी, ‘काल रात्री पाहिलेस का?’ पहिल्या काही आठवड्यांत मला त्याचे उत्तर देता येत नव्हते. ते देता यावे, एवढ्याच हेतूने मी सामने पाहू लागलो. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी जालंधरकडचा. त्याने मला शनिवारी पंजाबी समालोचन ऐकायला लावले. ‘हॉकी नाईट इन पंजाबी’ हा कार्यक्रम २००८ पासून चालू आहे आणि त्याचा आवाज म्हणजे कॅनडातल्या आमच्याच अल्बर्टा प्रांतातल्या ब्रुक्स या छोट्या गावात वाढलेला हरनारायण सिंग. नियम मला त्या पंजाबीतून कळले. साठ मिनिटांचा खेळ, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, बर्फावर एका वेळी गोलरक्षकासह सहा जण, आणि तेही पाऊण मिनिटभर जीव तोडून धावले की कठड्यावरून उडी मारून बाहेर येतात आणि खेळ न थांबता दुसरे आत जातात. इतक्या वेगाचा सांघिक खेळ मी दुसरा पाहिलेला नाही.

त्या काळी संघ वाईट होता. १९८४ ते १९९० या सात वर्षांत पाच वेळा चषक जिंकलेल्या या संघाची पुढे दैना झाली. वेन ग्रेट्स्कीला १९८८ साली लॉस एंजेलिसला दिले गेले, त्याबद्दल इथले साठीतले लोक आजही घरातले कोणी गेल्यासारखे बोलतात. २००६ साली अंतिम मालिका सातव्या सामन्यात हरल्यानंतर तर सलग दहा हंगाम बाद फेरीही दिसली नाही. मग २०१५ मध्ये कॉनर मॅक्डेव्हिड आला. त्याच्या स्केटिंगचे वर्णन मी करणार नाही, ते माझ्या लेखणीच्या आवाक्यातले नाही. पुढे-मागे तू इकडे आलास की दाखवीन.

आता या हंगामाचे सांगतो. तो ११ ऑक्टोबरला व्हँकुव्हरमध्ये सुरू झाला आणि पहिलाच सामना आम्ही ८-१ असा हरलो. हा आकडा लक्षात ठेव, पुढे त्याचे काम आहे. चषकाचे दावेदार म्हणून ज्यांची नावे सगळे घेत होते, त्यांनी पहिल्या बारा सामन्यांत दोनच जिंकले. त्यातला एक मी प्रत्यक्ष पाहिला. २९ ऑक्टोबरला कॉमनवेल्थ स्टेडियममध्ये उघड्यावर बर्फ घालून कॅल्गरीविरुद्ध सामना झाला, ५५ हजारांहून अधिक लोक जमले होते, आणि आम्ही ५-२ असे जिंकलो. मला वाटले, आता गाडी रुळावर आली. पण नऊ नोव्हेंबरला सॅन होजेकडून हरलो, ज्यांनी तोवर बारा सामन्यांत एकच विजय मिळवला होता. त्या रात्री ३२ संघांच्या तक्त्यात आमचे नाव अगदी तळाशी, त्यांच्या शेजारी होते. पुढच्या सामन्यात सिएटलला हरवूनही दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक जे वुडक्रॉफ्ट यांना काढले आणि हार्टफर्डच्या दुय्यम संघाचे प्रशिक्षक क्रिस नोब्लॉक यांना आणले. मॅक्डेव्हिड पोरवयात इरी या गावच्या संघाकडून खेळत असताना तेच त्याचे प्रशिक्षक होते.

त्यानंतर बरोबर आठवड्याने अहमदाबादला आपला विश्वचषक गेला. तुला आठवत असेल, त्या दिवशी तू मला फोन केला नाहीस आणि मीही तुला केला नाही. मी रात्री दीडपासून जागा होतो, आणि सकाळी नऊच्या सुमारास ट्रॅव्हिस हेडची खेळी पाहून झाल्यावर खिडकीबाहेर बघत बसलो होतो. ओळीने दहा सामने जिंकून अकरावा हरणारा संघ एकीकडे आणि सुरुवातीलाच बुडालेला संघ दुसरीकडे, असे दोन्ही एकाच आठवड्यात माझ्या वाट्याला आले होते. खरे सांगतो, त्या हिवाळ्यात मी खेळ पाहणे सोडण्याच्या बेतात होतो.

सोडले नाही, कारण संघ जिंकू लागला. आधी ओळीने आठ सामने. मग थोडी पडझड, आणि मग २१ डिसेंबरपासून २७ जानेवारीपर्यंत ओळीने सोळा. लीगचा विक्रम पिट्सबर्गने १९९२-९३ मध्ये केलेल्या सतरा विजयांचा आहे. आम्ही सहा फेब्रुवारीला लास व्हेगासमध्ये हरलो आणि तो एका सामन्याने राहिला. पण ते पाच आठवडे! इथे उणे चाळीसच्या आसपासची थंडी पडली होती, गाड्या सुरू होत नव्हत्या, आणि तरीही सकाळी कामावर येणारा प्रत्येक चेहरा उजळलेला असे. नोब्लॉक यांच्या हाताखाली संघाने ६९ पैकी ४६ सामने जिंकले. मॅक्डेव्हिडने एका हंगामात शंभर असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास, पूर्ण केले, जे त्याच्याआधी ग्रेट्स्की, लेम्यू आणि ऑर या तिघांनाच जमले होते, आणि झॅक हायमनने ५४ गोल केले.

हे आकडे कोणीही सांगेल. मला मात्र तुला दोन वेगळ्या माणसांबद्दल सांगायचे आहे, कारण माझ्या मते हा हंगाम त्यांचा होता.

पहिला कॉनर ब्राउन. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो आमच्याकडे आला आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी एवढ्या महिन्यांत त्याला एक गोल करता आला नाही. आघाडीच्या खेळाडूला पाच महिने गोल नाही, ही काय अवस्था असेल ते बघ. बारा मार्चला वॉशिंग्टनविरुद्ध त्याचा पहिला गोल झाला तेव्हा अख्खे स्टेडियम उभे राहिले. मी घरी टीव्हीसमोर उभा राहिलो. बाद फेरीत हाच माणूस आमचा आधार झाला, आणि तो कसा, हे तुला चटकन कळेल, कारण तू शाळेच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळायचास. इथे चूक झाली की खेळाडूला दोन मिनिटे बाहेर बसवतात आणि त्याच्या संघाला चार जणांनी पाचांना रोखावे लागते. कबड्डीत तिघे उरले असताना चढाई करणाऱ्याला धरण्यात जी लाज राखणे असते, तीच इथे असते. डॅलसविरुद्धच्या सहा सामन्यांत आम्ही या शिक्षेच्या काळात एकही गोल होऊ दिला नाही. अंतिम मालिकेत तर त्याच्याही पुढे गेलो: चौथ्या सामन्यात आमच्या यानमार्कने आणि पाचव्यात ब्राउनने, आपला एक माणूस कमी असताना, उलट समोरच्यांवरच गोल केला. अव्वल पकडीनंतर आपल्या मैदानावर जो गलका व्हायचा, तो मला त्या दोन्ही वेळी ऐकू आला.

दुसरा गोलरक्षक स्टुअर्ट स्किनर. हा याच शहरात वाढलेला मुलगा. स्वतःच्या गावात गोलरक्षक असणे किती अवघड असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो, कारण इथे किराणा दुकानातही लोक त्याच्या चुकांची चर्चा करतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला तो कोसळला, मग त्या सोळा विजयांच्या काळात भक्कम उभा राहिला. मे महिन्यात व्हँकुव्हरविरुद्ध पुन्हा घसरला तेव्हा त्याला दोन सामने बाहेर बसवून कॅल्व्हिन पिकार्डला खेळवले. मालिकेत २-३ असे मागे पडल्यावर सहाव्या सामन्यात त्याला परत आणले आणि तो व सातवा असे दोन्ही आम्ही जिंकले. पुढे दोन जूनला डॅलसविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात आमच्या साऱ्या संघाने मिळून फक्त दहा फटके मारले आणि स्किनरने ३५ फटक्यांपैकी ३४ अडवले. २-१. आम्ही अंतिम मालिकेत. त्या रात्री मॅक्डेव्हिडचे नाव सर्वांच्या तोंडी होते आणि त्याचा गोल होताही अप्रतिम, पण मला विचारशील तर तो सामना गोलरक्षकाने जिंकून दिला.

अंतिम मालिकेत आम्ही पहिले तीन सामने हरलो. अंतिम मालिकेत ०-३ वरून चषक जिंकणारा इतिहासात एकच संघ आहे, १९४२ चा टोरोंटो. चौथा सामना औपचारिकता म्हणून बघायचा, अशी कामावर सर्वांनी मनाची तयारी केली होती. तो आम्ही जिंकला, आणि धावफलकावर आकडे होते ८-१. ऑक्टोबरमध्ये ज्या आकड्यांनी मान खाली गेली होती, तेच आकडे आठ महिन्यांनी आमच्या बाजूने उभे राहिले. पाचवा सामना ५-३, सहावा ५-१. १९४५ नंतर ०-३ वरून अंतिम मालिका सातव्या सामन्यापर्यंत नेणारा दुसरा कोणताही संघ नव्हता. सहाव्या सामन्याच्या रात्री मी शहरात पायी फिरलो. नारिंगी जर्सी घातलेली, एकमेकांना न ओळखणारी माणसे थांबून हात मिळवत होती. माझ्या सहकाऱ्याची आई, जिला इंग्रजी फारसे येत नाही, ती गाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढून मला ओरडून म्हणाली, ‘पुत्तर, एक होर!’ बेटा, अजून एक.

२४ तारखेला सकाळी सेंट लुसियात भारत ऑस्ट्रेलियाशी खेळत होता. रोहितने ४१ चेंडूंत ९२ केल्या आणि अहमदाबादचे थोडे फिटले. मला तो शुभशकुन वाटला. संध्याकाळी सहाला मी रॉजर्स प्लेस या आमच्या संघाच्या स्टेडियमच्या बाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यासमोर उभा होतो. या जागेला इथे मॉस पिट म्हणतात. जोई मॉस हा डाउन सिंड्रोम असलेला माणूस वर्षानुवर्षे संघाच्या खोलीची व्यवस्था पाहत असे. राष्ट्रगीत तो ज्या जोशात म्हणायचा, ते या शहराच्या कायमचे लक्षात आहे. २०२० मध्ये तो गेला.

फ्लोरिडाचा पहिला गोल झाला. लगेच यानमार्कने बरोबरी केली आणि चौक असा उसळला की माझे पाय जमिनीवर नव्हते. मग दुसऱ्या भागात राइनहार्टचा गोल, २-१. त्यानंतरची जवळजवळ पंचवीस मिनिटे मला सलग आठवत नाहीत, तुकडे आठवतात. पक, म्हणजे या खेळातली चकती, फ्लोरिडाचा गोलरक्षक बोब्रोव्स्की याच्या पायाशी पडलेली, मॅक्डेव्हिड आणि हायमन दोघेही तिच्यावर तुटून पडलेले, आणि हजारो लोकांनी एकदम घेतलेला श्वास. ती आत गेली नाही.

बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मॅक्डेव्हिडला जाहीर झाला, हरलेल्या संघातल्या खेळाडूला. तो घ्यायला तो बर्फावर परत आलाच नाही. कोणी त्याला उद्धट म्हटले असेल तर म्हणो. मला ते बरोबर वाटले. पुढे चारदोन दिवसांनी खिडकीत बसून चहा पिताना मला त्याचीच आठवण येत होती.

पावणेनऊ वाजले होते आणि इथे जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो. हरल्यावर निदान अंधार तरी हवा होता. चेहरा लपवायला जागा नव्हती. मी चालत घरी आलो. वाटेत एका अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी जर्सी पाहून माझ्या खांद्यावर हात ठेवला, काही बोलले नाहीत, आणि पुढे गेले. मित्रा, दहा वर्षांत या गावात कोणी मला न विचारता असा हात ठेवला नव्हता. माझा आवाज त्या क्षणी गेला, आणि काल तू ऐकलास तेव्हाही तो पुरता परत आलेला नव्हता.

उद्या एक जुलै. सकाळी दहाला ज्यांचे करार संपले आहेत ते सगळे खेळाडू मोकळे होतील, त्यांत ब्राउन आहे आणि यानमार्कही. संघाचे व्यवस्थापक केन हॉलंड नुकतेच बाजूला झाले, त्यामुळे कोणाला ठेवतात काही सांगता येत नाही. दोघेही राहावेत, एवढीच माझी इच्छा आहे. सुटी आहे, तेव्हा मी सकाळपासून रेडिओजवळ बसणार आहे. ऑक्टोबरमध्ये नवा हंगाम सुरू होईल. इथला संध्याकाळचा सामना तुझ्याकडे पहाटेचा असतो. तू तसाही साडेपाचला उठतोस. पहिल्या सामन्याची तारीख लागली की कळवतो, दोघे मिळून फोनवर बघू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना बाकसोबती