मंडळांनी एक वार द्यावा

मा. संपादक,
स. न.

अन्नकूट संपतात न संपतात तोच इंदूरच्या मराठी वस्त्यांत दत्तजयंतीची तयारी सुरू होते. गुरुचरित्राचे सप्ताह बसतात, समाप्ती होते आणि मग महाप्रसाद. सुदामानगरापासून राजेंद्रनगरापर्यंत त्या दिवशी कुठल्याही गल्लीत शिरलात तरी पुरी, रामभाजी आणि नुकतीचा (गोड बुंदीचा) वास येतोच. त्या पंगतींना आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे पुढच्या बुधवारचे आहे. दत्तजयंतीला एकाच माणसाला चार ठिकाणी जेवण मिळते आणि पुढच्या बुधवारी एकाही ठिकाणी नाही. चार ठिकाणचे जे उरते ते ओल्या कचऱ्याच्या गाडीतून देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जाते. कचऱ्याचा गॅस होतो हे चांगलेच आहे, पण तो भात कचरा म्हणून शिजवलेला नव्हता.

आपल्याकडे यावर जुना तोडगा आहे, तो म्हणजे वार. गरीब विद्यार्थी सात घरी सात वार लावून शिकत. मंगळवारी आपले पान कुठे मांडलेले आहे हे त्याला आधीच ठाऊक असे, म्हणून त्याचे अभ्यासात लक्ष लागे. भंडाऱ्यात हा भरवसा नसतो. अहिल्यादेवींनी देशभर अन्नछत्रे उघडली तेव्हा त्यांच्या चालू खर्चाचीही तरतूद करून ठेवली. शहरातल्या इमली साहिब गुरुद्वाऱ्याच्या लंगराचे बळही रोजच्या नेमातच आहे. प्रत्येक दत्तमंदिराने, भजनी मंडळाने, गणेश मंडळाने आठवड्यातला एक वार द्यावा, एवढीच आमची मागणी आहे. जवळपासची सात मंडळे एकत्र बसली तर वस्तीचा आठवडा भरतो.

खर्चाची भीती आधी काढून टाकू. शंभर माणसांच्या मूगडाळीच्या खिचडीला ८ किलो तांदूळ, ४ किलो मूगडाळ, पाऊण लिटर तेल, दीड किलो शेंगदाणे आणि ६ किलो भाजी लागते. सियागंजातून घाऊक माल आणला तर गॅस धरून ताटाला साधारण पंधरा ते अठरा रुपये पडतात. म्हणजे ५२ आठवड्यांचे मिळून ऐंशी-नव्वद हजार. पुरी-नुकतीच्या महाप्रसादाला पानामागे साठ रुपये धरले, तर दीड हजार पानांना एका दिवशी तेवढेच लागतात.

एका ताटात साडेपाचशेच्या आसपास कॅलरी आणि १८-१९ ग्रॅम प्रथिने जातात. प्रथिने येतात ती डाळ आणि दाण्यांतून. पैसे कमी पडले की पहिली कात्री डाळीला लागते, तसे होऊ देऊ नये. हवी तर पाने कमी करावीत. दाणे भरडून घालावेत, म्हणजे दात नसलेल्यांना आणि लहान मुलांनाही चालतात. भाजी चोइथराम मंडीतून मोसमाप्रमाणे आणावी: लाल भोपळा, दुधी, गाजर, पालक.

शंभर माणसांचे एकाच मोठ्या भगोन्यात शिजवू नये. खालून लागते आणि वरचा तांदूळ कच्चा राहतो. ४० लिटरचे दोन भगोने घ्यावेत. डाळ अर्धा तास भिजवावी. ४५ लिटर पाणी आधी उकळून घ्यावे आणि त्यातले पाच-सहा लिटर बाजूला उकळतेच ठेवावे. याचे कारण वाढताना कळते. खिचडी दर दहा मिनिटांनी घट्ट होत जाते, वाढपी वैतागून नळाचे गार पाणी ओततो, आणि ताटात जाते ते कोमट, बेचव, बिघडायच्या वाटेवरचे अन्न. मीठ एकूण ४०० ग्रॅम लागेल. अर्धे आधी, अर्धे चव पाहून. डाळ लवकर शिजावी म्हणून आचारी सोडा टाकतात, तो टाकू देऊ नये. ब१ जीवनसत्त्व त्याने नष्ट होते. भट्टी पंगतीच्या दीड तास आधी पेटवावी, त्याच्या आधी नको. सिलिंडर १९ किलोचा व्यावसायिकच हवा. घरगुती सिलिंडर अशा कामाला वापरणे बेकायदेशीर आहे.

सगळ्यांत मोठा धोका शिळ्याचा. भात शिजवला तरी त्यातले काही जंतू बीजरूपाने जिवंत राहतात. अन्न ६० अंशांच्या खाली आले की ते वाढू लागतात, आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. झाकून ठेवलेल्या मोठ्या भगोन्याचा मधला भाग रात्रभर कोमट राहतो, म्हणजे जंतूंना हवा तसा. म्हणून दोन तासांच्या आत वाढून संपवावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशी वाटू नये. अन्नात खुपसून तापमान पाहायचा तापमापक काही शे रुपयांत मिळतो, तो भटारखान्यात टांगलेला असावा. लग्नाच्या हॉलमधून रात्री साडेअकराला ‘दोनशे माणसांचे उरले आहे, घेऊन जा’ असा फोन येतो तेव्हाही हाच नियम. वाफाळते असेल तरच घ्यावे. पनीर, मावा, कढी, चटणी, दहीवडे घेऊच नयेत. नाही म्हणताना जीवावर येते, पण वस्तीत चाळीस मुलांना उलट्या झाल्या तर तो वार कायमचा बंद पडतो. नियमित अन्नदान करणाऱ्या मंडळाला अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली (एफएसएसएआयकडे) साधी नोंदणीही करावी लागते. शुल्क वर्षाला शंभर रुपये. ती करून कागद भिंतीवर लावावा.

रांगेत उभे न राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न आम्हाला ताटापेक्षा मोठा वाटतो. जुन्या वाड्यांत भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाया आहेत, भंवरकुआँ भागात खोली आणि क्लासचे पैसे भरून झाल्यावर महिनाअखेरीला एकवेळ जेवणारी मुले आहेत. ही माणसे भंडाऱ्याच्या रांगेत दिसणार नाहीत. इथे मंडळाकडे जे आहे ते सरकारकडेही नाही. कोणत्या काकू तीन गुरुवार आरतीला आल्या नाहीत, हे मंडळाला कळते. शिवाय मंडळाजवळ ‘प्रसाद’ हा शब्द आहे. प्रसादाला कोणी नाही म्हणत नाही, घेताना कोणाची मान खाली जात नाही, कारण तो धनवान यजमानानेही तसाच हात पुढे करून घेतलेला असतो. तेव्हा डबा जावा तो प्रसाद म्हणून, रोजच्या येण्याजाण्यातल्या माणसाच्या हाती, आणि फोटो न काढता. देणगीदारांना फोटो हवा असेल तर भगोन्याचा द्यावा.

कोरडा शिधा द्यायचा तर त्यात गव्हाचा कट्टा नको. गहू-तांदूळ कंट्रोलवर (रेशन दुकानात) मिळतात. मिळत नाहीत ते डाळ, तेल, दाणे. चार माणसांच्या घराला महिन्याला २ किलो तूरडाळ, १ किलो मूगडाळ, २ लिटर तेल, १ किलो शेंगदाणे, १ किलो गूळ, १ किलो पोहे, हळद-तिखट शंभर-शंभर ग्रॅम आणि साबण, एवढे पुरते. आधी घरात शेगडी आणि गॅस आहे का ते विचारावे, नसेल तर शिधा देण्यात अर्थ नाही, डबाच द्यावा. तान्ह्या बाळांसाठी दूध-पावडरचे डबे वाटू नयेत. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचेच दूध, म्हणून ताट आईला द्यावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते मूल गंभीर कुपोषित असते. त्याला खिचडी वाढून भागत नाही, अंगणवाडी ताईला दाखवायला हवे, गरज असेल तर ती पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवते.

आता ज्याला आम्ही सर्वांत जास्त महत्त्व देतो ते काम: घराघराला हक्काचे रेशन मिळवून देणे. त्याला भट्टी लागत नाही, दोन माणसे, एक फोन आणि एक वही लागते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार, म्हणजे रेशनच्या कायद्यानुसार, बहुतेक पात्र घरांत प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच किलो म्हणजे रोजच्या पाच पोळ्यांचे पीठ. पोट त्याने पूर्ण भरत नाही, पण चार माणसांच्या घरात वर्षाला २४० किलो धान्य येते. आमच्या खिचडीच्या हिशेबाने (ताटाला १२० ग्रॅम डाळ-तांदूळ) ही २,००० ताटे झाली. एका घराची पात्रता पर्ची (रेशनसाठी पात्र असल्याची चिठ्ठी) काढून दिली की मंडळाने शंभर पानांच्या वीस पंगतींएवढे धान्य त्या घरात पोचवले.

पर्ची अडते ती बहुधा लहान गोष्टींवर. सुनेचे नाव अजून माहेरच्या समग्र आयडीत (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-ओळख क्रमांकात) असते. आधार आणि समग्रमधली जन्मतारीख जुळत नाही. एखाद्याची ई-केवायसी राहिलेली असते. पुष्कळांना वाटते की बीपीएल कार्ड नाही म्हणजे काही मिळणारच नाही. प्रत्यक्षात नोंदणीकृत बांधकाम मजूर, फेरीवाले, घरकाम करणाऱ्या बाया, निराधार पेन्शनवाले अशा इतरही श्रेणी मध्य प्रदेशात आहेत. झाबुआ, अलिराजपूर, खरगोनहून कामाला आलेल्या कुटुंबांना तर कार्ड गावचे असूनही धान्य इंदुरात उचलता येते. काही हिस्सा इथे आणि उरलेला गावी म्हाताऱ्या आईवडिलांना, असेही चालते. हे कोणीतरी शांतपणे बसून सांगावे लागते.

आणि अंगठा. वीस-वीस वर्षे भांडी घासलेल्या बाईच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. रेशन दुकानातले अंगठा घेणारे यंत्र तीनदा लाल दिवा दाखवते, मागची रांग कुरकुरते, ती रिकामी पिशवी घेऊन परत येते आणि पुढच्या महिन्यात जातच नाही. तिच्यासोबत कोणी असेल तर बोट ओल्या फडक्याने पुसून दुसरे बोट लावून पाहता येते. तरी नाही जमले तर डोळ्यावरून किंवा ओटीपीने ओळख पटवायच्या सोयीविषयी विचारता येते, तिच्या वतीने धान्य उचलणारा प्रतिनिधी (नॉमिनी) नेमून घेता येतो. दुकानदार ऐकत नसेल तर १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा. तक्रार नोंदली गेली तरी दर आठवड्याला पाठपुरावा लागतो.

रविवारी आरतीनंतर एक तास मंदिराच्या ओसरीवर या मदतीचे टेबल लागावे. बँकेत, कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेली मंडळी प्रत्येक मंडळात आहेत. या कामात त्यांच्याएवढे तरबेज कोणी नाही, आणि त्यांना कोणी विचारलेले नाही.

मंडळांचे वार बंद पडतात ते पैशाअभावी क्वचितच. पहिल्या आठवड्याला तीस माणसे सेवेला असतात, तिसऱ्या महिन्यात चौघे, आणि तेच चौघे थकतात. म्हणून, मंडळाचा वार बुधवार धरला तर, दहा-दहा जणांच्या चार तुकड्या करून प्रत्येकीला महिन्यातला एक बुधवार द्यावा: तीन चिरायला, दोन भट्टीवर, तीन वाढायला, एक वहीला, एक भांड्यांना. ही बैठक महाप्रसादाच्या आचाऱ्याला इसार देण्यापूर्वी व्हावी, नंतर हिशेब ठरून गेलेला असतो. ज्या महिन्यात पाच बुधवार येतात तिथे हमखास घोटाळा होतो, कारण पाचवा बुधवार कोणाचाच नसतो. त्या दिवशी शंभर माणसे येऊन बंद दार पाहून परत जातात. त्या पाचव्या बुधवारची नावे पहिल्याच बैठकीत लिहून घ्यावीत.

आपले,
अन्नसेवेचे काम पाहणारे काही कार्यकर्ते
इंदूर